कुसळवाडीचे मंजूर हिरवे

घेतलेली वस्तू सरकारने परत केल्याची उदाहरणे आपल्याकडे फार नाहीत. कुसळवाडीचे हवालदार लालासाहेब यांची जमीन मात्र सरकारने खरोखर परत केली, आणि तीही घेतली होती त्यापेक्षा हिरवी करून. तेव्हा ही हकिगत नीट, क्रमवार सांगणे आवश्यक आहे.

कुसळवाडी कोरेगावपासून बैलगाडीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर आहे. लढाई चालू असताना लष्करी गाड्यांसाठी तिथून सडक काढायचे ठरले, सडकेला खडी हवी होती, म्हणून गावाबाहेरचा लालासाहेबांचा माळ सरकारने ताब्यात घेतला. लालासाहेब स्वतः तेव्हा पलटणीबरोबर इटलीत होते, म्हणजे सरकारच्याच ताब्यात होते, त्यामुळे त्यांची हरकत येण्याचा प्रश्न नव्हता. घरी बायको अंबूबाई होती. काम संपल्यावर जमीन 'पूर्वस्थितीत' परत मिळेल, असे तिला वाचून दाखवण्यात आले. माळावर त्या वेळी एक बाभूळ, निवडुंगाचे एक जाळे आणि पायात मोडण्यापुरती कुसळे होती. ही पूर्वस्थिती परत मिळाली नाही तरी चालेल, असे अंबूबाईने सांगून पाहिले. पण तसे लिहून घेण्याची सोय नव्हती.

सुरुंग लागले, खडी गेली, आणि माळाच्या जागी भलीमोठी खाण उरली. सडक पुरी झाल्यावर ठेकेदार गेला, लष्करी तळही उठला. जाताना तळावरची हिरव्या रंगाची पिंपे तेवढी मागे राहिली. गाड्या आणि तंबू वरून शत्रूच्या विमानाला झाडीसारखे दिसावेत म्हणून हा रंग असे. पिंपे गावचे पाटील आप्पासो यांच्या गोठ्यात ठेवून, त्यांना कुणी हात लावू नये अशी सक्त ताकीद देण्यात आली. तेव्हापासून चावडीचे दार हिरवे आहे, पाटलांचा छकडा हिरवा आहे, आणि बेंदराला अख्ख्या गावच्या बैलांची शिंगे एकाच रंगाची असतात.

खाणीचे मात्र निराळेच झाले. बिराप्पा धनगर दरसाल आपली मेंढरे घेऊन त्या वाटेने जाई. ज्याच्या रानात मेंढरे बसवायची त्याने धनगराला दाणे द्यायचे आणि मेंढरांनी मुक्काम करून रानाला खत द्यायचे, हा आपल्याकडचा जुना व्यवहार. खाणीत वारा लागत नाही हे पाहून बिराप्पाने विचारले, "अक्का, हितं बसवू का मेंढरं?"

"बसव की," अंबूबाई म्हणाली. "दगडाला खत घालून तरी बघू."

दगडाने ते मनावर घेतले. मेंढरांनी वाटेतल्या माळांवर खाल्लेल्या बाभळीच्या शेंगा आणि बोरे लेंड्यांतून खाणीत उतरली, वाऱ्याने माती आणून टाकली, अंबूबाईने गोठ्यातला केर ओतला. लढाई संपवून लालासाहेब घरी आले तोवर खाणीत बैलाच्या पोटाला लागेल एवढे मारवेल आणि पवना गवत उभे होते, बाभळी-बोरींनी डोके वर काढले होते, आणि सगळ्यांत खोल कोपऱ्यात पाणी होते. उन्हाळ्यात गावातली इतर जनावरे वाळका कडबा चघळत असताना अंबूबाईची खिलारी जोडी ओल्या गवतावर तकतकीत राहिली होती. आटपाडीच्या बाजारातून तिने स्वतः पारखून आणलेली ही जोडी. तिचा त्या बैलांवर फार जीव होता. नवरा परमुलखात असताना घरात बोलायला तीच दोघे होती.

लालासाहेबांनी खाणीच्या काठावर ताठ उभे राहून हे सगळे पाहिले आणि विचारले, "ताब्याचा कागद कुठं हाय?"

"कसला कागूद?"

"जमीन सरकारनं परत दिल्याचा."

"आवं, सरकार गेलं निघून. जमीन हितंच हाय. बैलं पोटभर खात्यात. आनि काय पायजे?"

"अगं, पलटणीत कांबळं सुदीक परत करताना सही घेत्यात. दिलं तसं घेतलं, अशी. त्याबिगर मानूस घरला सुटत न्हाई. आन् ही तर जमीन हाय."

"आवं, गप बसा. लय ब्येस चाललंय."

पण पलटणीत उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाला नुसते बेस चाललेले बघवत नाही. ते लेखी चालावे लागते. लालासाहेबांनी अर्ज केला.

अर्जाने दोन सरकारे पाहिली. गोऱ्या साहेबाने त्यावर 'चौकशी व्हावी' असे लिहिले. मग स्वातंत्र्य आले, आणि देशी साहेबाने स्वतंत्र हाताने त्याखाली 'चौकशी व्हावी' असे लिहिले. त्यासाठी 'खाणजमीन पूर्वस्थिती व हिरवीकरण कचेरी' अशी एक नवी कचेरीही निघाली, आणि तिचे निरीक्षक रायगोंडा चौगुले छत्री व मोजणीची साखळी घेऊन एके दिवशी कुसळवाडीत दाखल झाले.

चौगुले सांगलीकडचे. अत्यंत सरळ माणूस. कुणाकडे चहा घेत नसत, पाणीसुद्धा स्वतःच्या तांब्यातले पीत. काही घेणाऱ्या अधिकाऱ्यापुढे माणूस दोन शब्द बोलू तरी शकतो. चौगुल्यांपुढे कुणाला तोंड उघडायला जागाच नसे. त्यांनी खाणीला एक फेरी मारली आणि खेदाने मान हलवली.

"ही ती जमीन नव्हे."

"हीच हाय, साहेब," लालासाहेब म्हणाले. "माझ्या वाडवडलांची."

"आमच्या कागदात एक बाभूळ आहे. इथे तर पुष्कळ दिसतात. यांतली मूळची कोणती?"

"ती सुरुंगात उडाली, साहेब."

"म्हणजे मूळची एकही नाही. शिवाय पाणी आहे. पूर्वी पाणी नव्हते." चौगुल्यांनी छत्री मिटली. "हवालदार, जमीन पूर्वस्थितीत नाही. अशी ती परत करता येणार नाही."

लालासाहेबांचे तोंड उतरले. ते बघून चौगुल्यांना वाईट वाटले, कारण माणूस मुळात दयाळू होता.

"एक वाट आहे बघा," ते म्हणाले. "नवी योजना आली आहे. ओसाड खाणजमिनी सरकार स्वतः हिरव्या करणार, आणि हिरवी झालेली जमीन पूर्वस्थितीचा प्रश्न न काढता मालकाच्या हवाली करणार."

"मग झालं की साहेब! हिरवी तर हायच."

"तीच अडचण आहे. योजना ओसाड जमिनीसाठी आहे. हिरवी जमीन हिरवी कशी करायची? आधी ती ओसाड असली पाहिजे."

अंबूबाई विळा घेऊन बैलांसाठी गवत कापायला आली होती. ती मध्येच थांबली. "साहेब, हिरवं काढायचं आन् हिरवं लावायचं? मग हाय त्येला काय झालंय?"

"बाई, आहे ते आपोआप झालेले आहे," चौगुले समजुतीच्या सुरात म्हणाले. "आपोआप झालेल्याची जबाबदारी कुणी घ्यायची? उद्या आपोआप गेले तर?"

अंबूबाईने नवऱ्याकडे पाहिले. नवरा केव्हाच सावधान उभा होता.

"अगं, बराकीला नवा रंग द्यायच्या आदी जुना खरवडावा लागतोय," लालासाहेब म्हणाले. "त्याबिगर नवा धरत न्हाई."

माघ महिन्यात खाणीचे 'प्राथमिक ओसाडीकरण' पार पडले. सरकारी कामाला एरवी कुसळवाडीतले माणूस सापडत नाही, पण त्या दिवशी दिवस उगवायच्या आत अख्खे गाव गाड्या जुंपून हजर झाले. गवत भाऱ्याभाऱ्यांनी गेले, बाभळी सरपणाला गेल्या, बोरींच्या काट्या कुंपणांना लागल्या. मूळच्या माळावर माती नव्हती, म्हणून मातीही काढणे भाग होते. ती खरवडून पाटलांच्या मळ्यात नेण्यात आली. पाण्याचा कोपरा धोंडे टाकून बुजवला. "देशाचं काम हाय गड्यांनो, मागं हटू नगा," असे आप्पासो पाटील मातीने भरलेल्या गाडीवर बसून ओरडत होते. अंबूबाई दिवसभर घराबाहेर आली नाही.

त्याच आठवड्यात बिराप्पा मेंढरे घेऊन आला, तर खाणीच्या तोंडाला पाटी: 'हिरवीकरण क्षेत्र. जनावरांस मनाई.' पाटीवर काय लिहिले आहे ते लालासाहेबांनी त्याला वाचून दाखवले.

"हवालदार, मेंढरं न्हाई बसली तर हितं काय उगवंल?"

"सरकार उगवनार हाय."

"मग सरकारलाच बसवा की चार राती," बिराप्पा म्हणाला आणि कळप हाकत पुढे गेला.

चौगुल्यांनी खाणीत उतरून ठिकठिकाणी वाकून पाहिले. कुठे काडी दिसली नाही. "उत्तम," ते म्हणाले, "इतके स्वच्छ ओसाड मी दुसरीकडे पाहिलेले नाही." ओसाडीचा दाखला मिळाला. इटलीत छातीवर पदक लागले तेव्हाही लालासाहेबांची मान इतकी ताठ नव्हती.

रोपे आली ती मार्चअखेर. कचेरीचे वर्ष मार्चला संपते. झाडांचे केव्हा सुरू होते, याची माहिती कचेरीकडे नव्हती. रोपे विलायती जातीची होती आणि त्यांची नावे खुद्द चौगुल्यांनाही नीट उच्चारता येत नव्हती. कोरेगाव स्टेशनवरून गाडीने येताना ती अर्धी सुकली, उरलेली मुरमात लावल्यावर सुकली. जवळचे पाणी म्हणाल तर ते योजनेप्रमाणे बुजवलेले होते. अक्षयतृतीयेपर्यंत खाणीत नुसत्या काड्या उभ्या राहिल्या. आणि अशात वरून हुकूम आला की मोठे साहेब स्वतः हिरवीकरण पाहायला येत आहेत आणि त्यांच्याच हस्ते मालकाला ताबा देण्यात येईल.

चौगुले खाणीच्या काठावर मटकन बसले. त्यांच्या तोंडून प्रथमच घरगुती भाषा निघाली. "हवालदार, माझं काय खरं नाही की हो आता. लेकीचं लग्न काढलंय."

लालासाहेबांना त्या सरळ माणसाची दया आली. "साहेब, ते मोठे साहेब खाली उतरून बघनार, का मोटारीतनं?"

"उन्हाचे दिवस आहेत. मोटारीतूनच बघतील."

"मग भ्यायचं कारन न्हाई. इनिस्पेक्शनच्या आदी आमी कोळसा सुदीक चुन्यानं पांढरा केलाय." असे म्हणून लालासाहेब पाटलांच्या गोठ्याकडे निघाले.

पिंपे उघडली. हाताला मिळेल तो कुंचा, केरसुणी, फडके घेऊन गाव पुन्हा खाणीत उतरले. दरडी रंगवल्या, धोंडे रंगवले, मुरूम रंगवला, वाळक्या काड्या एकेक करून बुडवून काढल्या. रंग तयार करणाऱ्या कारखान्याने तो वरून झाडीसारखा दिसेल असे वचन दिले होते, आणि ते वचन त्याने अक्षरशः पाळले. अंबूबाईला हाक मारली तेव्हा तिने दारातूनच सांगितले, "माझं बैल उपाशी हायती. मला येळ न्हाई."

मोठ्या साहेबांची मोटार काठावरच्या सडकेवर थांबली. साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा लावला.

"वा! ऐन उन्हाळ्यात इतके हिरवे?"

"होय साहेब," चौगुले म्हणाले.

"पाणी किती लागते?"

चौगुले खोटे बोलत नसत. "अजिबात नाही, साहेब."

साहेब थक्क झाले. "खत?"

"तेही नाही."

"आणि जनावरे त्रास देतात का?"

"तोंडसुद्धा लावत नाहीत, साहेब."

साहेबांनी तिथल्या तिथे हुकूम दिला की ही 'कुसळवाडी पद्धत' जिथे जिथे खाणी असतील तिथे तिथे अमलात आणावी. मग लालासाहेबांना मोटारीजवळ बोलावून, गळ्यात हार घालून, जमिनीचा ताबा देण्यात आला. सोबत अटी होत्या. हिरवीकरण झालेले क्षेत्र नांगरू नये, तिथे जनावर सोडू नये, रंग फिका पडू देऊ नये. आणि मंजूर हिरव्याखेरीज अन्य काही हिरवे उगवल्यास मालकाने ते तत्काळ काढून टाकावे, कारण त्याची छटा मंजूर छटेशी जुळत नाही.

लालासाहेब हार घालूनच घरी आले. दारात खिलारी जोडी उभी होती. बरगड्या दिसू लागल्या होत्या. शिंगे तेवढी गेल्या बेंदराची हिरवीगार होती. अंबूबाई बैलांच्या मानेवरून हात फिरवत होती.

"कागूद मिळाला?"

"मिळाला."

"बैलास्नी घालू का?"

लालासाहेबांनी कागदाची नीट घडी करून ती खिशात घातली. दुसऱ्या दिवशी अंबूबाई जोडी घेऊन कडेगावला भावाकडे निघाली. तिकडे उसाचे मळे होते, वाढ्यांच्या वैरणीला तोटा नव्हता. वेशीपर्यंत लालासाहेब तिच्यामागून चालले. वेशीत ती थांबली.

"त्या खाणीत बैलाच्या जिभंला लागंल असं गवात उगवू द्या. एक ठोंब उगवला तरी सांगावा धाडा. मी बैलं घिऊन मागारी यीन. तवर तुमचं हिरवं तुमीच बघा."

ती गेली. एवढी लढाई झाली, पण लालासाहेबांना इतके एकटे कधी वाटले नव्हते.

इकडे कुसळवाडीचे नाव होत चालले. पावसाळ्यात जिल्ह्याचे दोन जिल्हे झाले आणि चौगुल्यांना बढती मिळून ते सांगलीच्या नव्या कचेरीत गेले. तिथे त्यांनी पहिली मागणी पिंपांची केली. मोटारी भरभरून लोक हिरवीकरण पाहायला येऊ लागले. शाळामास्तर आले, निसर्गप्रेमी मंडळी आली, टिपणे काढणारे विद्वान आले. सगळे काठावरून बघत आणि माना डोलावत. लालासाहेब दर वेळी खाकी कपडे करून, कुंचा बगलेत धरून, खाणीच्या तळाशी उभे राहत. बिराप्पाचा कळप एकदा मनाई मोडून आत शिरला होता. पुढच्या एडक्याने एका धोंड्याला तोंड लावले, शिंकला आणि मागे फिरला, आणि सगळी मेंढरे त्याच्यामागून निमूट बाहेर पडली. माणसांपैकी मात्र खाली कुणी उतरले नाही.

परतीच्या पावसाने रंगाला तडे गेले. एके सकाळी लालासाहेब डागडुजी करायला उतरले, तर बुजवलेल्या पाण्याच्या कोपऱ्यात, दोन धोंड्यांच्या सांदीतून, मारवेलीचा एक ठोंब वर आला होता. लालासाहेब खाली बसले. त्यांनी एक पान बोटांनी चोळले आणि वास घेतला. वास रंगाचा नव्हता. मग हवालदारांच्या डोळ्यांत पाणी आले, आणि ते त्यांनी पुसलेही नाही. आप्पासोंचा छकडा दुपारी कडेगावच्या बाजाराला जाणार होता. त्याच्याबरोबर सांगावा धाडायचा, असे त्यांनी ठरवले.

तेवढ्यात काठावर मोटार थांबली. लालासाहेब चटकन उठून ठोंबाच्या पुढे, पाय फाकून उभे राहिले. वरून वाहवा सुरू झाली. लालासाहेब हलले नाहीत. मोटार जायचीच होती, पण कुणाची तरी नजर बारीक होती.

"अहो हवालदार, तुमच्या पायामागे काहीतरी उगवलंय बघा!"

लालासाहेबांनी ऐकले नाही असे दाखवले.

"तो रंग वेगळाच दिसतोय हो. एवढं छान केलंय, त्यात ते डोळ्यांत खुपतंय. तेवढं उपटून टाका की!"

लालासाहेबांनी पाय आणखी फाकवले. पण आवाज वरून आला होता, आणि वरून आलेला आवाज मानायचा, एवढे एकच त्यांना उभ्या आयुष्यात शिकवण्यात आले होते. त्यांनी सलाम केला, मागे वळले, वाकले आणि ठोंब मुळासकट उपटला. काठावर टाळ्या पडल्या. मोटार निघून गेली. छकडाही दुपारी सांगाव्यावाचून गेला.

हाक कुणी मारली, ते डोळ्यांवर ऊन असल्याने लालासाहेबांना दिसले नाही. आवाज सभ्य, शिकल्यासवरल्या माणसाचा होता, आणि त्यात झाडापेडांविषयीची खरीखुरी कळकळ होती. त्या दिवशी आपण त्या मोटारीत होता की नाही, हे आपले आपणच आठवून पाहावे. हाक आपली नसेलही. टाळ्या मात्र सगळ्यांनीच वाजवल्या होत्या.